गिऱ्हाइकाच्या नजरेतून

(दृश्य: मिसळीची प्लेट. वरून कट पडतो आहे.)

"दादा, कट जरा उंचावरून सोडा ना. अजून एकदा."

वाढप्याची ही तिसरी वेळ. फरसाण केव्हाच मऊ पडलंय, पाव गार झालाय. मोबाइल धरून बसलेली मुलगी इथली गिऱ्हाईक वाटते, पण ती कामावर आहे. तिला मालकांनी बजावलंय, फार सफाईदार शूट नको. हात हलला तर हलू दे. मागची भांड्यांची आदळआपट, "दोन स्पेशल, एक मीडियम"ची आरोळी, सगळं तसंच ठेव. रील हॉटेलच्या पेजवर जाणार आहे, पण खाताखाता कुणी सहज काढल्यासारखी दिसली पाहिजे.

इतका खटाटोप कशासाठी? मेनूकार्डावरचा चकचकीत फोटो आता कुणी मनावर घेत नाही. लोकांना वेगळंच जाणून घ्यायचं असतं. जादा कटाचे पैसे लावतात का? रविवारी किती ताटकळावं लागतं? आईला घेऊन गेलो तर धड बसायला जागा आहे का? गिऱ्हाइकाच्या हलत्या कॅमेऱ्यात हे न सांगता येऊन जातं.

(दृश्य: नागपूर, सदर.)

डॉली चायवाला देशभर पोचला तो अशाच व्हिडिओंतून. रंगीत गॉगल, उंचावरून सोडलेली दुधाची धार, चहा हातात द्यायची ती लकब. टपरीवर आलेल्यांनी आणि फूड व्लॉगर मंडळींनी ते टिपलं. मग फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्स यांनी त्याच्याकडे चहा मागतानाचा व्हिडिओ टाकला. बघताना वाटतं, साहेब रस्त्यात सहज थांबले. प्रत्यक्षात त्या शूटसाठी डॉलीला हैदराबादला नेलं होतं, आणि समोरचा गोरा पाहुणा कोण, हे त्याला नंतर कळलं. एवढ्या मोठ्या माणसालाही दिसायचं होतं ते टपरीवरच्या गिऱ्हाइकासारखंच!

पण गिऱ्हाइकाचं सोंग किती ताणता येतं, हे 2017 मध्ये लंडनमध्ये दिसलं. ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या अंगणातली शेड रेस्टॉरंट म्हणून, गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवरून हॉटेलांची क्रमवारी लावणाऱ्या ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवली. खोटे अभिप्राय लिहून घेतले. पदार्थांच्या फोटोंत तर दाढीचा फेस वापरला होता. एक ताटही न वाढता ही शेड लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि लोक टेबल मिळावं म्हणून फोन करत राहिले.

आपल्याकडे नियम आहेत. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत 'ही जाहिरात आहे' ही पट्टी किमान 3 सेकंद दिसली पाहिजे. त्याहून मोठा, पण दोन मिनिटांच्या आतला असेल, तर एक तृतीयांश वेळ. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये 10 सेकंद. पैसे नाही घेतले, नुसतं फुकट जेवलो, ही सबबही चालत नाही. बार्टर, म्हणजे जेवणाच्या बदल्यात व्हिडिओ, हेही त्यातच मोडतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मालक म्हणतात, पट्टी लावली की कोण बघणार? आमच्या मते ही भीती फुकाची आहे. पैसे देऊन रील करून घेण्यात गैर काही नाही, सिनेमावालेही तेच करतात. लोक चिडतात ते नंतर कळलं म्हणून. रीलमध्ये काठोकाठ भरलेली वाटी बघून चार जण पुण्याहून गाडी काढून येतात, आणि समोर अर्धी वाटी येते. तिथेच बसून ते जो व्हिडिओ करतात, त्याला पट्टीबिट्टी काही नसते.

(दृश्य: गल्ल्यावर मालकीणबाई, हातात मोबाइल.)

खरा माल तर रोज आपणहून येतोय. लोक हॉटेलला टॅग करून स्टोरी टाकतात, आणि 24 तासांत ती निघून जाते. ती आपल्या पेजवर घ्यायची तर आधी विचारायचं, एवढंच पथ्य. या बाई गल्ल्यावरूनच विचारतात. "ताई, तुमचा मघाचा व्हिडिओ आमच्या पेजवर टाकू का?"

"टाका की. पण माझ्या पोरीचा चेहरा नको. आणि ते पाव गार होते म्हटलंय, तेवढं कापू नका हं!"