आधी लाईट, मग ऑपरेशन

श्रोतेहो, नमस्कार. पित्तनलिकेचा कॅन्सर म्हटलं की घरची माणसं एकच म्हणतात, गाठ आहे ना, मग आधी कापून काढा. लाईट, म्हणजे रेडिएशन, नंतर बघू. काही रुग्णांत मात्र क्रम उलटा असतो. आधी लाईट, मग ऑपरेशन. तो का, ते सांगायला मी आज आले आहे.

वॉर्डात नर्स असताना डिचोलीकडचे एक काका आमच्याकडे होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. सुरुवात नुसत्या खाजेने झाली. काकी रात्री उठून फणीने त्यांची पाठ खाजवून देत. शेजारी म्हणाले, उष्णता. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. मग लघवी गडद झाली, शौचाचा रंग फिका पडला. पण पोटात दुखत नव्हतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे फेऱ्या सुरू झाल्या. चवथीला लेक माहेरी आली. सकाळी सोप्यावर चहा देताना तिने बापाचे डोळे पाहिले आणि कप तिथेच ठेवला. रोज रात्री ट्यूबलाईटखाली तेच डोळे सगळे पाहत होते, पण पिवळेपणा दिसला दिवसाच्या उजेडात. हल्ली घरं बांधताना सोपा काढून टाकतात ना, मला ते मुळीच पटत नाही. घरातलं म्हातारं माणूस उजेडात बसलं पाहिजे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे.

असो. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी घातली आणि बऱ्याच दिवसांनी काका रात्रभर झोपले. गाठ होती यकृतातून पित्तनलिका बाहेर पडते तिथेच. ती कापून निघण्यासारखी नव्हती. डॉक्टर म्हणाले, आधी लाईट आणि औषधं, मग यकृत प्रत्यारोपण. काकी उसळल्या. "दोतोर, पयलीं काडून उडयात! हें उरफाटें कित्याक?"

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाकिटावर यकृत काढलं. "काकी, रक्ताच्या मोठ्या वाहिन्या याच जागेतून आत जातात. गाठ त्यांना चिकटली आहे."

काकी चित्राकडे बघत राहिल्या. "म्हळ्यार दारवंट्यारच बसलां तें."

"बरोबर. आजूबाजूला न दिसणाऱ्या पेशी असतात, त्या आधी मारायच्या. नवं यकृत बसवल्यावर तिथे एवढी लाईट देता येत नाही."

काकींनी ते पाकीट घडी करून पिशवीत ठेवलं. पुढे जो नातेवाईक येई, त्याला चित्र दाखवून त्याच समजावत. उपचार गोव्याबाहेर झाले, मुलाने यकृताचा भाग दिला. काका आता बाजारात मासळी स्वतः निवडतात.

ही पद्धत अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1993 साली सुरू झाली. दिवसातून दोनदा, साधारण तीन आठवडे लाईट; मग नळीतून आतून लाईट; नंतर प्रत्यारोपणापर्यंत कॅपेसिटाबीनच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या. 2012 साली 12 अमेरिकन केंद्रांतल्या 287 रुग्णांचा अभ्यास आला. उपचार सुरू केलेल्यांपैकी पाच वर्षांनी 53 टक्के जिवंत होते. कापून न निघणाऱ्या या गाठीत हा आकडा फार मोठा आहे. पण गाठ 3 सेंटिमीटरपर्यंतचीच हवी आणि आजार बाहेर पसरलेला नको. प्रत्यारोपणाआधी पोट उघडून तेही तपासतात, आणि काहींना तिथून परत फिरावं लागतं.

पुन्हा सांगते, हे सगळ्यांसाठी नाही. गाठ कापून निघत असेल तर सहसा ऑपरेशनच आधी आणि मग सहा महिने गोळ्या. प्रत्यारोपणाआधीचा क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी लाईट, मग ऑपरेशन.

आणखी एक. बाहेरून सुई घालून या गाठीचा तुकडा काढला तर पेशी पोटात सांडू शकतात, आणि मग प्रत्यारोपणाची वाट बंद होते. तेव्हा सुई घालण्याआधी विचारा: डॉक्टर, यांचं प्रत्यारोपण होऊ शकेल का? सुई घालण्याआधी विचारा, नंतर नव्हे. नमस्कार.