ताहितीची पांढरी गोगलगाय वाचली कशी?

पॅसिफिक महासागरातलं ताहिती बेट. आत गेलं की उंच डोंगर, खोल दऱ्या, दाट जंगल. आणि तिथल्या झाडाचं हे पान जरा नीट बघा, खालच्या बाजूला एक पांढरा ठिपका चिकटलाय ना, तीच आपली पार्टुला हायलिना. झाडावर राहणारी गोगलगाय, जेमतेम दोन सेंटीमीटरची, दिवसा पानाखाली पडून असते आणि रात्री फिरते. खरं तर ही आज इथे असायलाच नको होती, कारण ताहिती आणि आसपासच्या बेटांवरच्या तिच्या पन्नासहून जास्त भाऊबंद जाती नामशेष झाल्यात.

हे झालं माणसामुळे. १९६० च्या दशकात ताहितीत आफ्रिकन शंखी गोगलगाय आणली, खायला म्हणून. हो, तीच शंखी गोगलगाय जी आपल्याकडे पावसाळ्यात शेतात आणि बागेत घुसून कोवळी रोपं फस्त करते, २०२२ मध्ये मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांनी गोगलगायींचा हा त्रास भोगलाय. ताहितीतही तिने तेच केलं. मग तिचा बंदोबस्त करायला १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय सोडली, रोझी वुल्फ स्नेल. ही दुसऱ्या गोगलगायींच्या चिकट मागावरून त्यांना शोधते आणि खाते, चालतेही भराभर. तिला मोठ्या शंखी गोगलगायीपेक्षा छोट्या पार्टुला सोप्या पडल्या. पार्टुला अंडी घालत नाहीत, एकेक पिल्लू देतात, म्हणजे संख्या वाढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांना मिळालाच नाही. शेजारच्या मूरेआ बेटावर १९७७ मध्ये ही शिकारी सोडली आणि दहाच वर्षांत तिथल्या जंगलातून पार्टुला संपल्या. मला यातलं सगळ्यात जास्त हे लागतं की सोडण्याआधी ती नक्की काय खाते हे नीट तपासलंच नव्हतं.

आणि या काही दुर्लक्षित गोगलगायी नव्हत्या बरं का! हेन्री क्रॅम्प्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दरीदरीत फिरून पार्टुलाचे हजारो शंख मोजले, लांबी, रंग, पट्टे, शंखाचा पीळ डावीकडे की उजवीकडे, सगळं लिहून ठेवलं. तेव्हा जात ठरायची ती शंखावरून. पुढे डीएनए तपासता यायला लागला आणि कळलं की शंख सारखा दिसला म्हणून नातं जवळचं असेलच असं नाही. हायलिनाच्या बाबतीत तर भारीच गोष्ट निघाली. ही पांढरी गोगलगाय ताहितीपासून कितीतरी लांब ऑस्ट्रल आणि कुक बेटांवरही सापडते, आणि डीएनए सांगतो की तिथल्या गोगलगायींचं मूळ ताहितीत आहे. म्हणजे जुन्या काळी पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या या बेटांवरच्या, दर्यावर्दी लोकांनीच त्या होड्यांतून नेल्या असणार, पांढऱ्या शंखांच्या माळांना मागणी होती म्हणून.

पण मग ताहितीत हायलिना वाचली कशी? मिशिगन युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्रज्ञ सिंडी बिक आणि डिअरमिड ओ फॉयल यांचा अंदाज होता की हे पांढऱ्या रंगामुळे. पांढरा शंख ऊन परतवतो, त्यामुळे हायलिना जंगलाच्या कडेला उन्हात टिकते आणि शिकारीला तिथे यायला जमत नाही. अंदाज छान होता, पण सिद्ध करायला या दोन्ही गोगलगायींना दिवसभरात किती ऊन मिळतं ते मोजायला हवं, आणि एवढ्याशा जिवाच्या पाठीवर बसेल असं मीटर आणायचं कुठून?

ते त्याच युनिव्हर्सिटीत होतं. डेव्हिड ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला मिशिगन मायक्रो मोट, साधारण २ बाय ५ बाय २ मिलिमीटरचा अख्खा कॉम्प्युटर, तांदळाच्या दाण्याएवढा. प्रोसेसर, बॅटरी, रेडिओ, सोलर सेल सगळं आत. इनही ली आणि टीमने इथे जी शक्कल लढवली ती मला फार आवडते. त्यांनी वेगळा लाइट सेन्सर लावलाच नाही, सोलर सेलमधून बॅटरी किती वेगाने चार्ज होतेय ते मोजलं आणि तेच उन्हाचं माप झालं. एकच भाग बॅटरीही भरतोय आणि मोजमापही करतोय, म्हणजे वजन कमी आणि बिघडायला जागाही कमी. भर जंगलात, दमट हवेत, चालत्या गोगलगायीवर मशीन ठेवायचं तर ते भरवशाचंच लागतं, मध्येच बंद पडलं तर तिथे जाऊन रिस्टार्ट कोण करणार?

आधी मिशिगनमधल्या स्थानिक गोगलगायींवर ट्रायल घेतली, मग २०१७ मध्ये असे पन्नास मायक्रो मोट सेन्सर म्हणून ताहितीला गेले. शिकारी गोगलगायींच्या शंखावर ते थेट बसवले. हायलिनाला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, तिला हात लावायचा नाही, मग ती जिथे पडून असते तिथल्या पानांच्या वर आणि खाली सेन्सर लावले. दिवस संपला की वायरलेसने डेटा उतरवून घ्यायचा. फिल्डवर मदतीला होते ट्रेव्हर कूट, पॉलिनेशियातल्या गोगलगायींचे जाणकार.

२०२१ मध्ये निकाल छापून आला. भर दुपारी हायलिनाच्या जागी शिकारीपेक्षा सरासरी दहापट जास्त ऊन! शास्त्रज्ञांना वाटतं की शिकारी रात्री अंधारातसुद्धा कडेपर्यंत येत नसावी, कारण ऊन तापायच्या आत परत सावली गाठणं तिला जमणार नाही.

याचा उपयोग लगेच आहे. दाट जंगल वाचवा असं आपण सहज म्हणतो, पण हायलिनासाठी जंगलाची ती विरळ, उन्हाची कडा वाचवायला हवी, तिथली झाडंझुडपं किरकोळ समजून तोडली तर तिचा आसरा जाईल. आणि जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या पार्टुला २०१५ पासून परत या बेटांवर सोडतायत, त्यांना कुठे सोडायचं हे ठरवताना आता कुठल्या कोपऱ्यात किती ऊन पडतं हेही मोजून बघता येईल.