बेल इनचा मालक आणि परगावचं चीज

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधार, कानठळ्या बसवणारी गाणी आणि दारातला बाउन्सर येतो. आजच्या पबात यातलं काही नाही. लंडनच्या उत्तरेला सुमारे ११५ किलोमीटरवर स्टिल्टन नावाचं लहानसं गाव आहे आणि तिथे ‘बेल इन’ आहे. बेल म्हणजे घंटा. दर्शनी भिंतीवर १६४२ हे साल, रस्त्यावर झुकलेली तांब्याची अवाढव्य पाटी.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पब चालवणाऱ्याला इंग्रज ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. आपण लगेच घरमालक असा अर्थ लावतो. पण हा लँडलॉर्ड पुष्कळदा स्वतःच भाडेकरू असतो! इमारत बिअर कंपनीची आणि बिअरही तिच्याकडूनच घ्यायची, अशी अट. परवाना मात्र त्याच्या नावावर. साध्या दारूघरांना १५५२ च्या कायद्यापासूनच दंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. त्यामुळे जुन्या दप्तरांत सरदार-जमीनदारांच्या जोडीने दारू विकणारेही सापडतात. ‘इन’ मात्र दारूघराच्या वरची पायरी. ती सराई. माणसाला जेवण आणि बिछाना, घोड्याला तबेला.

आणि बेल इनचं खरं भांडवल होता तो दारापुढचा रस्ता. लंडनहून एडिंबराकडे जाणारा हा ग्रेट नॉर्थ रोड. दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलावे लागत, म्हणजे तितक्या अंतरावर एक सराई हवीच. बेलच्या कमानीखाली अंतरं लिहिलेली आहेत: हंटिंग्डन १२ मैल, स्टॅमफर्ड १४, लंडन ७४. आपल्या एसटी स्टँडवरच्या फलकासारखीच.

या सराईचा १७३० च्या आसपासचा मालक कूपर थॉर्नहिल. हा गृहस्थ नुसता गल्ल्यावर बसणारा नव्हता. १७४५ च्या एप्रिलमध्ये त्याने पैज लावली: स्टिल्टनहून लंडन, तिथून परत स्टिल्टन, आणि पुन्हा लंडन, हे सगळं १५ तासांत घोड्यावरून. म्हणजे दोनशेहून अधिक मैल. घोडे बदलत बदलत त्याने पैज दोन तासांपेक्षा जास्त वेळ राखून जिंकली. मला तर एसटीने पुण्याहून नाशिकला गेलो तरी दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

पण थॉर्नहिलचं नाव टिकलं ते चीजमुळे. लेस्टरशरमधल्या वायमंडम गावच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईंकडून तो निळ्या शिरांचं चीज घेई, आणि घोडे बदलेपर्यंत ताटकळणाऱ्या प्रवाशांना विके. प्रवासी चव घेत, बरोबर नेत, आणि लंडनमध्ये कुणी विचारलं की सांगत, ‘स्टिल्टनहून आणलं.’ झालं नाव! थॉर्नहिलनेच हे चीज प्रसिद्ध केलं असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने १७२० च्या दशकातच स्टिल्टनच्या चीजचं वर्णन छापलंय. त्यावर किडे इतके दाट असत की ते खायला चमचा देत, असं तो लिहितो. (नाक मुरडू नका, तो कौतुकानेच लिहितोय.) म्हणजे कीर्ती आधीच होती. थॉर्नहिलने तिचा घाऊक व्यापार केला, आणि ही कामगिरी काही लहान नव्हे.

आपल्या पैठणीचं आठवा. नाव पैठणचं, आणि आज माग जास्त चालतात येवल्यात. फरक इतकाच, की पैठणी पैठणला विणली जात होती हे नक्की; स्टिल्टन गावात हे चीज कधी बनत होतं का, यावर वाद आहे.

१८५० मध्ये लंडनहून पीटरबरोपर्यंत रेल्वे आली. घोडे बदलायला थांबणार कोण? सराया ओस पडल्या. पुढे मोटारींमुळे रस्ता पुन्हा गजबजला, तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस गावाला वळसा घालणारा नवा रस्ता झाला आणि वाहनं बाहेरच्या बाहेर जाऊ लागली. बेलची डागडुजी होऊन तिथे पुन्हा पाहुणे उतरू लागले, ते बऱ्याच वर्षांनी.

मग आलं भौगोलिक मानांकन, आपल्याकडे हापूसला मिळालं तसं. १९९६ पासून ‘स्टिल्टन’ हे नाव फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांत बनलेल्या चीजला लावता येतं. स्टिल्टन गाव आहे केंब्रिजशरमध्ये! गावात चीज बनवलं, तर त्याला गावाचंच नाव द्यायला बंदी. आमच्याकडेही पूर्वी चीज बनत होतं, असं म्हणत गावकऱ्यांनी नियम बदलून मागितला. बेलचा तेव्हाचा मालकही त्यात पुढे होता. सरकारने अर्ज फेटाळला.

नवा रस्ता झाल्यावर लोकांना पुन्हा गावात ओढायला इथल्या पबवाल्यांनी आणखी एक खटपट केली होती. भर रस्त्यात चीज लोळवत न्यायची शर्यत. चार-चार जणांचे संघ, अंगावर चित्रविचित्र कपडे, दुतर्फा आरडाओरडा. शर्यतीतलं ते ‘चीज’ म्हणजे लाकडाचा गोल ओंडका.