कोटीपोटाची भूक

भात झोडून झाला की मुरबाड-शहापूरच्या गावांत घरामागे पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. पावसाळा संपून माळ वाळले की पुढचा पाऊस येईपर्यंत गाईची मुख्य वैरण हीच. पोट भरतं, पण भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के. आणि 10 लिटर दूध देणाऱ्या गाईच्या दुधातून रोज सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं बाहेर जातात. म्हणून मग पेंड आणायची.

अशाच एका गोठ्यात ताई गव्हाणीत सरकी पेंडीचं घमेलं रिकामं करताहेत.

"डॉक्टर, किलोभर पेंड वाढवली. दूध काही वाढेना."

"मक्याचा भरडा किती देता, ताई?"

"भरडा बंद केला. दोन्हीला पैसे कुठून आणायचे?"

घोडं इथंच अडलंय.

पेंड आधी पोचते कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव तिची वाट बघत असतात. पेंडीतली बरीचशी प्रथिनं फोडून ते त्यांचा अमोनिया करतात आणि त्याच अमोनियातून स्वतःची शरीरं घडवतात. मग हे सूक्ष्मजीवच पुढे आतड्याकडे सरकतात आणि गाय त्यांना पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांचा निम्म्याहून मोठा वाटा सहसा यांचाच असतो! मात्र वाढायला त्यांना ताकद लागते, आणि ती येते भरड्यातल्या पिठूळ भागातून. भरडा बंद झाला की अमोनिया नुसता साठतो, रक्तात उतरतो. यकृत त्याचा युरिया करतं, त्यातही गाईचीच शक्ती खर्ची पडते, आणि तो मूत्रावाटे निघून जातो. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो वास बराचसा याच युरियापासून पुन्हा सुटणाऱ्या अमोनियाचा. पेंडीचे पैसे तिथे जमिनीत मुरतात. खुराक नीट जुळला तरी खाल्लेल्या प्रथिनांचा साधारण चौथा हिस्साच दुधात उतरतो. न जुळलेल्या खुराकात तोही घटतो.

जास्त दुधाच्या संकरित गाईला कोटीपोटात न फुटणारी, थेट आतड्यात पचणारी बायपास प्रथिनं उपयोगी पडतात. पण ताईंच्या गाईला आधी वाढवलेली पेंड कमी करून तेवढा भरडा हवा, आणि पेंढा सुधारायला हवा. भातानंतर शेतात वाल होतो, त्याचं भुसकट जाळायची वस्तू नव्हे. प्रथिनात ते पेंढ्यापेक्षा सरस असतं. बांधावरची शेवरीही तशीच.

आणि पेंढ्यावर खताच्या युरियाची प्रक्रिया करता येते. 100 किलो सुक्या पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा एकेक थर पसरायचा, झारीनं हे पाणी सगळीकडे सारखं शिंपडायचं, पायानं तुडवून हवा काढायची. वरून प्लास्टिक घट्ट झाकून 21 दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ झालेला दिसतो. प्रथिनांचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं आणि पेंढा पचायलाही सोपा होतो. रोज लागेल तेवढाच काढून तासभर मोकळ्या हवेत पसरायचा, म्हणजे उग्र वास उडतो. सुरुवातीला साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून सवय लावायची.

सहा महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा घालू नका. आणि युरिया पाण्यात कालवून जनावरापुढे कधीही ठेवू नका. विषबाधा होऊन ते थोड्याच वेळात दगावू शकतं.