बॉन्डला लागलं पाहिजे

मंडळी, आधीच सांगतो, ही जेम्स बॉन्डच्या सिनेमांची लिस्ट माझी आहे, भांडायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर खाली टपरीवर भांडू, आत्ता माइक माझ्याकडे आहे. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ सिरीजचे २५ सिनेमे झाले, सगळे सांगत बसलो तर तुमची शेवटची बस जाईल. माझी चाळणी एकच, बॉन्डला लागलं पाहिजे. दहा जणांना लोळवून आला आणि भांगसुद्धा मोडला नाही तर मी त्याची काळजी कशाला करू?

म्हणून सगळ्यात तळाला २००२ चा 'डाय अनदर डे'. अदृश्य गाडी! पुढे काय बोलायचं.

आपला लाडका 'ऑक्टोपसी', १९८३ चा. कबीर बेदी, उदयपूर, आणि टेनिसपटू विजय अमृतराज चक्क टेनिसच्या रॅकेटने गुंडांना हाणतोय. पंचवटीत आमच्या वाड्यात व्हीसीआर भाड्याने आणून अख्ख्या वाड्याने बघितला होता, तेव्हा माझा एक नंबर तोच. मोठेपणी परत लावला तर हेलिकॉप्टर जातं ताजमहालाजवळून आणि बॉन्ड उतरतो उदयपुरात, म्हणजे नाशिकच्या सीबीएस स्टँडला गाडीत बसलो आणि पुढचा स्टॉप थेट कोल्हापूर. पण तो रिक्षाचा पाठलाग कधीही लावा, मी जेवण सोडून बघायला येणार. मधे कुठेतरी ठेवलाय, नक्की कितवा ते विचारू नका.

बॉन्ड झालेल्या रॉजर मूरचा माझ्याकडे वर फक्त एकच, १९७७ चा 'द स्पाय हू लव्हड मी', तोही सुरुवातीच्या उडीसाठी. रिक सिल्व्हेस्टर नावाच्या माणसाने कॅनडातल्या माउंट अस्गार्डच्या कड्यावरून खरोखर स्कीवरून झेप घेतलीये, म्युझिक बंद, माणूस पडतोय, पडतोय, आणि मग पॅराशूट उघडतं. इथे बॉन्डला लागत नाही, मान्य, पण माझ्या पोटात गोळा येतो ना, चालतंय.

तीन नंबरला १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'. जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक, लोक त्याला उगाच नावं ठेवतात, अभिनय बेताचा आहे पण बॉन्ड लग्न करतो आणि त्याच दिवशी बायको मारली जाते. ह्याहून जास्त काय लागायचं?

दोन नंबर, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', १९६३. ओरिएंट एक्सप्रेसमध्ये मारेकरी कॅप्टन नॅश म्हणून बॉन्डसोबत जेवायला बसतो (नॅश, नाशिकचा नव्हे!) आणि माशाबरोबर व्हाइट सोडून रेड वाइन मागवतो, जे खरा साहेब कधी करणार नाही. बॉन्डची ट्यूब उशिरा पेटते, तोवर हा पिस्तूल रोखून उभा. आता आपल्या जिल्ह्यात एवढ्या वायनरी, पण मी स्वतः सुरमईबरोबर रेडच पितो, म्हणजे मी पहिल्या डब्यातच पकडला गेलो असतो. मग बॉन्ड सोन्याच्या नाण्यांची लालूच दाखवतो, तो ब्रीफकेस उघडतो, गॅसचा फटाका फुटतो आणि त्या एवढ्याशा डब्यात निळ्या दिव्यात दोघं एकमेकांवर तुटून पडतात. रेल्वेचा डबा म्हणजे हात फिरवायला जागा नाही, कोपर, गुडघा, बर्थ, जे हाताला येईल ते. शॉन कॉनरी दमलेला दिसतो. खरंच दमलेला.

एक नंबर २००६ चा 'कॅसिनो रोयाल', दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलचा, ज्याने १९९५ मध्ये 'गोल्डनआय' केला होता तोच. जिन्यात माणूस मारून डॅनियल क्रेग खोलीत येतो, आरशासमोर रक्त धुतो, दारू घशाखाली ओततो, नवा शर्ट चढवतो आणि परत पत्त्याच्या टेबलावर जाऊन बसतो. पुढे त्याची साथीदार व्हेस्पर शॉवरखाली कपड्यांसकट बसलेली असते, हातांवरचं रक्त जात नाहीये म्हणते, तर हाही तसाच कपड्यांसकट शेजारी भिजत बसतो आणि पाणी थोडं गरम करतो. गॅजेट नाही, डायलॉग जवळजवळ नाहीच.

चला, आता प्रश्न विचारा. फक्त पुढचा बॉन्ड कोण ते सोडून.