नाकावर भरवसा नाही

पहाटेचे चार. कॅम्पमधल्या बेसिनांपुढे रांग लागलीय आणि जो तो दाढी करतोय. कामाच्या दिवशी ही रांग कुणालाच चुकत नाही.

रुबाबासाठी नाही, मास्कसाठी. दोन दिवसांचे खुंट असले तरी मास्कची रबरी कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही, फट राहते. इथे ती परवडणारी नाही.

हे शाह. अबू धाबी अमिरातीच्या दक्षिणेकडचं, रब अल खाली वाळवंटातलं वायुक्षेत्र. २०१५ पासून इथला गॅस निघतो आणि त्यात जवळजवळ २३ टक्के हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे. कामगार त्याला नुसतं ‘एच टू एस’ म्हणतात. त्यातलं गंधक वेगळं काढून दाणे करतात आणि मालगाडीने समुद्रकाठच्या रुवैसला धाडतात.

आजच्या वर्गात बिहारचे दोन वेल्डर, एक नेपाळी रिगर, म्हणजे अवजड सामान बांधून उचलणारा, आणि आपल्या खेडचा पाइप फिटर. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत दहा वर्षं काढलेला माणूस. रसायनांचे वास त्याला तोंडपाठ. कुठला जॉइंट गळतोय ते नाकाने सांगेल. त्याला आज पहिलीतल्या पोरासारखं बाकावर बसवलंय, आणि धडा आहे नाकावर भरवसा न ठेवण्याचा.

प्रशिक्षक केरळचा. हिंदी त्याची मल्याळी चालीत, पण डोक्यात शिरते. गॅस थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की नाक बधिर होतं. वास जातो, गॅस तिथेच असतो. हजाराच्या आसपास गेला तर दोन-चार श्वासांत माणूस आडवा. म्हणून छातीवर हा काडेपेटीएवढा मॉनिटर. तो दहालाच बोंबलायला लागतो.

आता मास्क. हवा आत येते ती जागा तळहाताने बंद करायची आणि श्वास ओढायचा. मास्क गालाला चिकटला पाहिजे. फिटरचा चिकटत नाही. प्रशिक्षक त्याच्या कानापाशी बोट लावतो. कल्ले! वर्ग हसतो, फिटर निमूट बेसिनकडे जातो.

पुढचा नियम मात्र कुणालाच हसू आणत नाही. शेजारचा कोसळला तर त्याच्याकडे धावायचं नाही. आधी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघायची, वारा आडवा कापून बाजूला व्हायचं, मग वाऱ्याच्या उगमाकडे जायचं. त्याला आणायला हवेचा सिलिंडर पाठीवर घेतलेलेच जातील. फिटरच्या हाताची घडी सुटते. गटाराच्या टाकीत एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरला, अशा बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. त्यांना कुणी हे बाकावर बसवून शिकवलं नव्हतं.

बाहेर दुपारचे साडेबारा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तीन वाजेपर्यंत उघड्या उन्हात काम करवून घ्यायला इथल्या कायद्याची बंदी आहे. सावलीत कुबूस ही अरबी रोटी, डाळ, ताक.

रात्री इथे नऊ, खेडला साडेदहा. व्हिडिओ कॉलवर आई डोळे बारीक करून बघते.

“कल्ले कुठे गेले रे तुझे?”

“इथला नियम आहे गं,” म्हणतो, आणि विचारतो, पाऊस लागला का? कॉल संपल्यावर पावणेचारचा गजर लावतो.