तिसरी मोटर खोलली की पुढच्यांचं काय?

(सोलापूरच्या पूर्व भागातली यंत्रमागांची शेड. खडखडाट. एकेक माग थांबत जातो.)

अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत भरदुपारी बोलायचं, तर ओरडूनच. चादरी-टॉवेलांच्या मागांची ही वस्ती. या शेडमध्ये मात्र आज लाईट बंद आहे. वायरमन मोटरींना जाणारी हिरवी वायर तपासतोय. कारखानदारांना कुणीतरी सांगितलंय, की अर्थिंगची, बाँडिंगची (म्हणजे धातूचे भाग एकमेकांना बांधणारी) वायर अखंडच पाहिजे, मध्ये एकही जोड चालत नाही. सगळी नव्यानं ओढायची म्हटलं, तर तांब्याचा भाव विचारायलाच नको.

जोड चालतो का?

चालतो. नीट केलेला असला तर.

बिनजोडाचा हट्ट निराधार आहे असंही नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेत जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडकडे (अर्थिंगच्या धातूच्या दांड्याकडे वगैरे) जाणारी वायर सलग हवी असा नियम आहे. तिथंही दाबून कायमचा बसवलेला किंवा वितळवून केलेला जोड मान्य आहे. पाण्याचे पाईप, लोखंडी खांब, यंत्रांचे सांगाडे एकमेकांना बांधणाऱ्या वायरीला तो नियम लागत नाही. अर्थिंगच्या आपल्या आयएस ३०४३ या मानकाचा रोखही बिघाडातली वीज जमिनीकडे नेणाऱ्या वाटेवरच आहे. ती कुठं तुटता कामा नये. तिच्यात स्विच नको, फ्यूज नको.

(जवळून : काळवंडलेला नट, त्याखाली गुंडाळलेले तांब्याचे तंतू.)

६ चौरस मिलिमीटरची १० मीटर तांब्याची वायर म्हणजे जेमतेम ०.०३ ओहम. बिघाडात १०० अँपिअर धावले, तरी तिच्या दोन टोकांत फरक ३ व्होल्टचा. वायरीवर चांगली क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली थिंबल (बोल्टखाली धरायची धातूची टोपी) त्यात जाणवण्याइतकी भर घालत नाही. हा नट मात्र बघा. दिवसरात्र धोट्याचे दणके, वर सुताची धूळ. इथं अर्धा ओहम वाढला आणि ते १०० अँपिअर यातूनच गेले, तर मोटरीच्या अंगावर ५० व्होल्ट.

आणि खरी खोट पुढेच आहे. हिरवी वायर पहिल्या मोटरीपासून दुसरीला, दुसरीपासून तिसरीला, अशी गेलीय. प्रत्येक ठिकाणी कापून, दोन तुकडे एकाच बोल्टखाली. मागच्या महिन्यात तिसरी मोटर रिवाइंडिंगला गेली. बोल्ट निघाला, तुकडे सुटले. पुढच्या नऊ मोटरी चार दिवस बिनअर्थिंगच्या चालल्या. कापड निघत होतं, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

थ्री-फेज मोटरीच्या सांगाड्याला अर्थिंगच्या दोन वेगळ्या जोडण्या हव्यात, हे १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आलंय. एक निसटली तर दुसरी असावी म्हणून. या शेडमध्ये दुसरी कधी दिसलीच नाही.

घरात तर वायरीला हात न लावताही हे होतं. बाथरूममधला जुना जी.आय. (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप गळतो, प्लंबर दोन फूट कापून प्लास्टिकचा तुकडा घालतो. पाणी सुरू, सगळे खूश. पण तुकड्यापलीकडचा लोखंडी पाईप आणि नळ आता कशालाच बांधलेले नाहीत.

(वायरमन पक्कड घेऊन बसलेला.)

तो नवी वायर कापत नाही. मोटरीपाशी बोटभर सोलतो, उघडं तांबं दुमडतो आणि ती घडी एकाच थिंबलमध्ये घालून दाबतो. वायर तीच, पुढे जाते. बाराव्या मोटरीनंतर ती परतीच्या वाटेनं भिंतीवरच्या जी.आय. पट्टीला येते. दुसऱ्या जोडणीसाठी पट्टीपासून प्रत्येक मोटरीला वेगळी शेपटी.

"कट केली नाय ओ, नुसती सोलली," तो कारखानदारांना दाखवतो.

मग मीटरची एक पिन पट्टीला, दुसरी बाराव्या मोटरीला. आकडा ०.२ ओहम. शेपट्या अजून जोडायच्यात. तिसऱ्या मोटरीचा बोल्ट तो मुद्दाम काढतो. थिंबल हवेत लोंबकळते.

०.२.

मागांवर देखरेख करणारा जॉबर विचारतो, "मग माग लावू का?"

"थांब की. बोल्ट तर लावू दे."

(स्प्रिंग वॉशर सरकतो. पान्याचे तीन वेढे. खडखडाट.)